पोलाद आणि काचतंतू एकाच कॉलममध्ये: भूकंपासाठी आखणी, बांधणी आणि तपासणी

किनारपट्टीच्या साइटवर हल्ली एक हिशोब ऐकू येतो. जीएफआरपी, म्हणजे काचतंतूची सळई, ओढीत पोलादापेक्षा मजबूत, वजनाला पाव आणि गंजणारी नाही. मग २० मिमी पोलादाऐवजी १६ मिमी जीएफआरपी का नको? स्लॅब-ऑन-ग्रेड किंवा कंपाउंड वॉलपुरते यावर बोलता येईल. भूकंपाचे बळ पेलणाऱ्या कॉलममध्ये हा हिशोब पहिल्याच पायरीवर कोसळतो. जीएफआरपीचे मॉड्युलस (ताणाला होणाऱ्या विरोधाचे माप) साधारण ४५ ते ६० गिगापास्कल, पोलादाचे २००. म्हणजे २० ऐवजी १६ मिमी टाकली की सळईचा कडकपणा (०.६४ × ०.२५) जेमतेम १६ टक्के उरतो.

तरीही दोन्ही सळ्या एकत्र वापरण्यात तथ्य आहे, पण कारण वेगळे आहे. पोलाद यील्ड होते, म्हणजे न तुटता कायमचे ताणले जाते, आणि भूकंपाची ऊर्जा खाते. मात्र एकदा यील्ड झाले की ते मूळ जागी येत नाही, कॉलम कललेलाच राहतो. जीएफआरपी तुटेपर्यंत सरळ रेषेत ताणली जाते. ती ऊर्जा जवळजवळ खात नाही, पण बळ ओसरले की कॉलमला मागे खेचते. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर शंभराच्या आसपास काँक्रीटचे पुलखांब न कोसळताही पाडावे लागले, कारण त्यांच्यात १.७५ टक्क्यांहून जास्त कायमचा कल राहिला होता. मिश्र सळ्यांच्या कॉलमवरचे बरेचसे संशोधन या उरलेल्या कलाभोवतीच फिरते.

या लेखातली भूमिका एका ओळीत सांगता येते: ताकद मोजताना जीएफआरपी शून्य धरा, शिअर (कॉलम आडवे कापू पाहणारे बळ) आणि पायावर येणारे बळ मोजताना मात्र ती पूर्ण धरा. पुढचे सगळे आकडे याच नियमातून येतात.

कोड काय म्हणतो

आयएस १३९२० : २०१६ ही लवचिक तपशिलाची (भूकंपात न तुटता वाकण्यासाठी सळ्यांच्या मांडणीची) भारतीय संहिता पोलादाच्याच सळ्यांसाठी आहे. तिथे पोलादाकडूनही अटी आहेत: प्रत्यक्ष प्रूफ स्ट्रेंग्थ (यील्डची ताकद) नाममात्र आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त वर नको, अल्टिमेट आणि प्रूफ स्ट्रेंग्थचे गुणोत्तर किमान १.१५, एलाँगेशन (तुटेपर्यंतची वाढ) किमान १४.५ टक्के. साध्या एफई ५०० ला आयएस १७८६ मध्ये १२ टक्के एलाँगेशन चालते, म्हणून कॉलमसाठी ५००डी मागवा आणि टेस्ट सर्टिफिकेटवर हे तिन्ही आकडे स्वतः वाचा. जीएफआरपी सळ्यांसाठी आयएस १८२५६ : २०२३ आहे, पण ते सळईच्या गुणवत्तेचे मानक आहे, भूकंप-चौकटीत ती वापरायची परवानगी नव्हे. अमेरिकेतली एसीआय ४४०.११-२२ सुद्धा तीव्र भूकंप श्रेणीतल्या मुख्य चौकटीत जीएफआरपी मान्य करत नाही. कॅनडाची सीएसए एस८०६ याबाबत थोडी पुढे गेली आहे.

अर्थ सरळ आहे. मुंबई, पुणे (आयएस १८९३ च्या २०१६ च्या नकाशात तिसरा झोन) किंवा कोयना परिसर (चौथा झोन) इथे कॉलम एकट्या पोलादावर पास झालाच पाहिजे. जीएफआरपी ही जादा सळई. आगीच्या बाबतीतही हेच सोयीचे ठरते: १०० ते १२० अंशांच्या आसपास रेझिन मऊ पडू लागते, म्हणून इमारतीचे वजन जीएफआरपीच्या भरवशावर ठेवायचेच नसते.

उदाहरण: ४५० × ४५० मिमीचा तळमजल्याचा कॉलम

किनाऱ्याजवळची इमारत, एक्स्पोजर 'सिव्हिअर' (गंजाला पोषक हवा), म्हणून एम३० (३० मेगापास्कल ताकदीचे काँक्रीट) आणि ४५ मिमी कव्हर (सळ्यांबाहेरचा काँक्रीटचा थर). बीमखालची मोकळी उंची ३ मीटर, भूकंपावेळचा उभा भार १२०० किलोन्यूटन. पोलाद ८ सळ्या २० मिमी (२५१३ चौ. मिमी, १.२४ टक्के): चार कोपऱ्यांत, चार प्रत्येक बाजूच्या मध्यावर. त्यांच्या मधल्या आठ जागांवर १२ मिमी जीएफआरपी (९०५ चौ. मिमी). १० मिमीची रिंग (उभ्या सळ्यांभोवतीची आडवी सळई) धरली तर प्रत्येक बाजूला पाच सळ्या, मध्यापासून मध्यापर्यंत ८० मिमीवर.

कोपरे पोलादाकडेच का? रिंगेच्या वाकामुळे कोपऱ्यातल्या सळईला सर्वात चांगला आधार मिळतो, आणि उलटसुलट बाक घेणाऱ्या पोलादालाच तो आधार सर्वाधिक लागतो. जीएफआरपी दाबात तशीही कमकुवत. तिची दाबातली ताकद ओढीच्या निम्म्याच्या आसपास धरली जाते आणि हिशोबात तीही घ्यायची नसते.

आता हाताने केलेला हिशोब, मटेरियल फॅक्टर न लावता. पोलाद ०.००२५ स्ट्रेनला (मूळ लांबीच्या मानाने ताणणे) यील्ड होते. त्याच क्षणी ५० गिगापास्कलच्या जीएफआरपीत फक्त १२५ मेगापास्कल असतात; म्हणजे छोट्या भूकंपात ती जवळजवळ नसल्यासारखीच. टोकाच्या सळईत स्ट्रेन ०.०१ पर्यंत गेला की चित्र बदलते: तिथल्या जीएफआरपीत ५०० मेगापास्कल, आतल्या ओळीत साधारण ३०० च्या वर. एकट्या पोलादावर कॉलमची मोमेंट क्षमता (बाक पेलण्याची ताकद) सुमारे ४०० किलोन्यूटन-मीटर येते, जीएफआरपी धरून सुमारे ४४०. वाढ दहा टक्के.

दहा टक्के कमी वाटतील, पण पी-डेल्टाशी (सरकलेल्या कॉलमवर उभ्या भाराने येणारी जादा मोमेंट) तुलना करा. २ टक्के ड्रिफ्टला (उंचीच्या मानाने आडवे सरकणे) माथा ६० मिमी सरकतो. १२०० किलोन्यूटनने त्यातून ७२ किलोन्यूटन-मीटर जादा मोमेंट तयार होते, दोन टोकांत वाटून ३६. पोलाद एकटे असेल तर यील्डनंतर कॉलमचा बळ आणि सरकणे यांचा वक्र खाली झुकू लागतो. जीएफआरपीचे ४० हे झुकणे जेमतेम भरून काढतात आणि वक्र आडवा किंवा किंचित चढता राहतो. उरलेला कल कमी होतो तो यामुळे. म्हणूनच उभा भार जास्त असलेल्या कॉलममध्ये तेवढीच जीएफआरपी टाकून फारसा फरक दिसत नाही.

उलट बाजूने जास्तीही घालू नका. पोलादाचे प्रमाण कमी करून जीएफआरपी वाढवली की हिस्टेरेसिसचे लूप (पुढे-मागे हलवताना आलेखात उमटणारे फेरे) बारीक होतात, ऊर्जा खाल्ली जात नाही, इमारत जास्त हलते. कल उरत नाही हे खरे. पण तोवर विटांच्या भिंती आणि पाइप गेलेले असतात. ओढीच्या बाजूला जीएफआरपीचे बळ पोलादाच्या बळाच्या अर्ध्याहून फार वर नेऊ नये, हे आमचे मत. वरच्या उदाहरणात ते प्रमाण १८५ विरुद्ध ७८५ किलोन्यूटन आहे, म्हणजे पावाच्या जवळ.

जीएफआरपी तुटते कधी?

७०० मेगापास्कल हमी-ताकदीची सळई १.४ टक्के स्ट्रेनला तुटते. आधी यील्डची सूचना नाही. प्लॅस्टिक हिंजची (पोलाद यील्ड होऊन कॉलम वाकतो त्या भागाची) लांबी सुमारे ३४० मिमी धरली तर वरचा ०.०१ स्ट्रेन साधारण २ टक्के ड्रिफ्टला येतो आणि तुटण्याची वेळ २.५ ते ३ टक्क्यांच्या दरम्यान. ही मर्यादा पुढे न्यायची असेल तर पाया आणि कॉलम जिथे मिळतात तिथे ६०० मिमी लांबीत सळईवर घट्ट प्लॅस्टिक नळी चढवून बाँड (काँक्रीटशी पकड) तोडतात. तेच ३.४ मिमी ताणणे ६०० मिमीत वाटले जाते, स्ट्रेस २८० वर येतो, तुटणे ४ टक्क्यांच्या पलीकडे जाते. बदल्यात २ टक्क्यांवरची मदत निम्मी होते. साध्या निवासी इमारतीत नळीच्या भानगडीत पडू नये. पुलाच्या खांबात ती उपयोगी आहे.

रिंगा: खरा खेळ इथे आहे

मिश्र कॉलमच्या चुकांपैकी सर्वात महाग चूक म्हणजे रिंगाही जीएफआरपीच्या घेणे. वाकलेल्या भागात तिची ताकद खूप घटते. एसीआयच्या सूत्राप्रमाणे वाकाची आतली त्रिज्या सळईच्या तिप्पट असेल तर सरळ सळईच्या ४५ टक्के. शिवाय शिअरसाठी तिचा स्ट्रेन ०.००४ वर थांबवावा लागतो, म्हणजे ५० गिगापास्कलला केवळ २०० मेगापास्कल. आपल्या उदाहरणात शिअरची मागणी बघा: दोन्ही टोकांना ४४०, त्यावर पोलादाच्या जादा ताकदीसाठी १.२५, भागिले ३ मीटर. सुमारे ३६७ किलोन्यूटन. ७० मिमीवरच्या १० मिमी जीएफआरपी रिंगा (रिंगेच्या दोन बाजू आणि मधला आडवा टाय, असे तीन पाय) २५९ देतात. त्याच जागी पोलादाच्या रिंगा ४६८ देतात. जीएफआरपी न धरता मागणी ३३३ च आली असती. फरक ३४ किलोन्यूटनचा, आणि 'जादाच तर टाकली' म्हणणाऱ्या डिझायनरने मोजायचा राहतो तो नेमका हाच.

पोलादी रिंगांची मांडणी अशी:

१. बंदिस्त करायची, म्हणजे दाट रिंगांची लांबी: कॉलमची मोठी बाजू ४५०, मोकळ्या उंचीचा सहावा भाग ५००, किंवा ४५०, यात मोठी ती, म्हणजे ५०० मिमी. वर आणि खाली दोन्हीकडे. फुटिंगमध्ये आणखी किमान ३०० मिमी.

२. अंतर: लहान बाजूचा चौथा भाग ११२, सर्वात बारीक उभ्या सळईच्या सहापट, किंवा १०० मिमी, यात लहान ते. कोडमध्ये 'बारीक सळई' म्हणजे २० मिमी पोलाद धरून १०० येतात. १२ मिमी जीएफआरपी धरा: ७२. कव्हर उडाल्यावर दाबात फुटण्याची भीती तिलाच जास्त, म्हणून ७० मिमी.

३. क्षेत्रफळ: ०.१८ × ७० × १८० × (३०/५००) × ०.५६२५ = ७६.५ चौ. मिमी. १० मिमीच्या सळईचे ७८.५, पास, पण काठावर. अंतर १०० ठेवले असते तर १०९ लागले असते, म्हणजे १२ मिमीची रिंग. इथले १८० मिमी (सूत्रातले h, म्हणजे रिंगेच्या बाजूची आधाराविना लांबी) मधल्या सळईला धरणाऱ्या आडव्या टायमुळे मिळतात. टाय गाळला की h थेट ३६० होतो, ३०० च्या मर्यादेपलीकडे जातो आणि हिशोब नापास.

४. हुक १३५ अंशांचे, पुढे ६५ मिमी शेपूट, टायला दोन्ही टोकांना. फिटर एका टोकाला ९० अंश ठेवून 'नंतर वाकवतो' म्हणतो. काँक्रीट पडल्यावर कोण वाकवणार?

५. मधल्या भागात कोड २२५ मिमीपर्यंत सूट देतो. शिअरसाठी इथे १०० मिमी ठेवा.

जीएफआरपी सळईला स्वतंत्र टाय लागत नाही: शेजारच्या धरलेल्या सळईपासून स्वच्छ अंतर ६४ मिमी आहे आणि आयएस ४५६ ची मर्यादा ७५. कॉलम ५०० चा केला की हे गणित बिघडते, तेव्हा पुन्हा मोजा.

अँकरेज आणि लॅप

जीएफआरपी साइटवर वाकत नाही. गरम करूनही नाही. थर्मोसेट रेझिन वाकवले की आतले तंतू तुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. त्यामुळे फुटिंगमध्ये एल-वाक हवा असेल तर कारखान्यातूनच, किंवा सरळ सळई पुरेशा खोलीत. एसीआय ४४०.१आर च्या सूत्राने एम३० मध्ये १२ मिमी सळईला ५०० मेगापास्कलसाठी सुमारे ६२५ मिमी आणि ७०० साठी सुमारे ९७० मिमी लागतात. ६०० मिमी जाडीच्या फुटिंगमध्ये पहिलीही बसत नाही. मग हेडवाली (टोकाला जाड डोके असलेली) सळई घ्या किंवा फुटिंग जाड करा. 'बसेल तेवढी' टाकली तर ती निसटते आणि सगळा खटाटोप वाया.

पोलादाचे लॅप (दोन सळ्या शेजारी ठेवून केलेले जोड) उंचीच्या मधल्या अर्ध्या भागात, एका जागी निम्म्याहून जास्त नाहीत, लॅपवर रिंगा १०० मिमीवर. जीएफआरपीचा लॅप टाळाच: फुटिंगपासून पहिल्या मजल्याच्या बीमच्या वरपर्यंत एकच तुकडा. वरच्या मजल्यावर कॉलम लहान होत असेल तर पोलादी सळई १:६ ने आत वळवता येते, ही येत नाही. ती तिथेच थांबवा आणि वरच्या मजल्याची क्षमता कुठेही तळमजल्याएवढी धरू नका.

बीम-कॉलम जॉइंटचा आराखडा १:१० मापात काढा. ३०० मिमी रुंद बीमच्या सळ्या मध्यरेषेपासून साधारण ±८५ मिमीवर येतात, कॉलमच्या जीएफआरपी ±८० वर. थोडक्यात टक्कर. बीमची सळई सरकवा. जीएफआरपी हातोडीने ढकलू नका.

साइटवर

सळ्या आल्या की प्रत्येक लॉटचे ओढ, मॉड्युलस आणि बाँडचे अहवाल मागा. चाचणी पद्धती आयएस १८२५५ मध्ये आहेत. नाममात्र व्यास आणि खरे क्षेत्रफळ यांत फरक असतो, म्हणून एक तुकडा पाण्यात बुडवून आकारमान मोजा. उन्हात उघड्या ठेवू नका, ताडपत्री घाला. कापायच्या तर डायमंड किंवा अब्रेसिव्ह चकतीने, मास्क लावून. पोलाद कापायचा शिअर कटर टोक चिरडतो. जवळ वेल्डिंग चालू असेल तर सळ्या झाका. बांधायला प्लॅस्टिक-वेष्टित तार किंवा नायलॉन टाय.

जीएफआरपी काँक्रीटपेक्षा हलकी आहे. वायब्रेटर लागला की ती हळूहळू वर सरकते, म्हणून तळाशी पक्की धरा आणि प्रत्येक रिंगेला बांधा. नीडल रबरी टोपीची घ्या. सोळा सळ्या आणि ७० मिमीच्या रिंगा यांत २० मिमी खडी अडकते. जॉइंट आणि तळाच्या ५०० मिमीसाठी १० मिमी खडीचे मिश्रण घ्या, नाहीतर पोकळ काँक्रीट नेमके हिंजच्या जागी मिळते.

कार्बन तंतूची सळई कुणी सुचवली तर एक अट: ती पोलादाला टेकता कामा नये. कार्बन वीज वाहतो, खारट ओलाव्यात पोलादाशी जोडी जमली की पोलाद अधिक वेगाने गंजते. काचतंतूला हा दोष नाही. पण काचतंतू टाकला म्हणून पोलादाचे कव्हर कमी करणे हाही तितकाच वेडेपणा. आतली पोलादी सळई आणि रिंगा गंजायच्या त्या गंजतातच.

चाचणी करायची तर

मोठा प्रकल्प असेल, किंवा जीएफआरपीची ताकद हिशोबात धरण्यासाठी कुणी हट्ट धरत असेल, तर प्रयोगशाळेतल्या नमुन्याशिवाय पुढे जाऊ नका. एसीआय ३७४.१ ही चौकटीच्या जोडांसाठी लिहिलेली पद्धत कॉलमलाही वापरतात: उभा भार कायम ठेवून आडवा धक्का दोन्ही दिशांना, प्रत्येक ड्रिफ्ट पातळीला तीन फेऱ्या, पुढची पातळी आधीच्या सव्वा ते दीड पट. ३.५ टक्क्यांच्या तिसऱ्या फेरीत बळ कमाल बळाच्या ७५ टक्क्यांखाली जाऊ नये, ऊर्जा-गुणोत्तर किमान एक-अष्टमांश असावे, आणि शून्याजवळचा कडकपणा सुरुवातीच्या ५ टक्क्यांखाली नको. मिश्र कॉलम ऊर्जेच्या अटीवर अडखळतात. त्याखेरीज प्रत्येक पातळीनंतर आडवे बळ शून्य करून उरलेला कल लिहा, ०.५ टक्क्यांच्या वर गेला की दुरुस्तीपेक्षा पाडणे स्वस्त पडू लागते.

नमुन्यात स्ट्रेन गेज फक्त पोलादावर लावून थांबू नका. पाया आणि कॉलमच्या सांध्याजवळच्या दोन जीएफआरपी सळ्यांवर वर-खाली १०० मिमी अंतराने गेज हवेत, म्हणजे ती ताणली जाते आहे की निसटते आहे हे कळते. तुटताना बारीक 'टक' असा आवाज येतो आणि आलेखात बळ एका पायरीने खाली उतरते. निसटताना आवाज नसतो, वक्र नुसता सपाट होत जातो.

खऱ्या इमारतीत भूकंपानंतर हे दोन्ही दिसत नाहीत. तिथे तळाच्या ५०० मिमीतले कव्हर काढून बघा: हुक उघडले आहेत का, जीएफआरपीचे तंतू पिंजलेल्या काडीसारखे फुटले आहेत का. फुटले असतील तरी पोलाद आणि रिंगा शाबूत असल्यास आणि वरचा हिशोब पाळला असल्यास कॉलम उभ्या भारासाठी सुरक्षित आहे. ओळंब्याने कल मोजा, टेकू द्या आणि पुढच्या आफ्टरशॉकच्या आत जॅकेटिंगचा (कॉलमभोवती नवा थर चढवण्याचा) निर्णय घ्या.